नावेत कासार नव्हता

आबा, नाव वर आली. गेल्या उन्हाळ्यात आली, आणि जागा मी दाखवली. हे आधीच सांगून टाकते. तू असतास तर एवढ्यावरच उठून अंगणात गेला असतास, जाळं मांडीवर घेऊन बसला असतास, आणि आईने तीनदा हाक मारल्याशिवाय आत आला नसतास. तू जाऊन एकोणतीस वर्षं झाली. आता तुला उठून जाता येत नाही. शेवटपर्यंत ऐक.

तुला ठाऊक असलेलंही मी पुन्हा लिहिणार आहे, कारण माझ्या तोंडून ते तू कधी ऐकलं नाहीस. मी आठ वर्षांची होते. आखाजी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. ब्राह्मणपुरीच्या एका गुजर घरातली मुलगी तापीपलीकडे दिली होती. लग्न लागलं, आणि पलीकडचं वऱ्हाड नवरीला घेऊन संध्याकाळी आपल्या घाटावरून नावेत बसलं. तेव्हा पूल नव्हता. नाव तुझी नव्हती, वरच्या आळीतल्या भोयाची होती. डोहाच्या मध्यावर वावधन उठलं. वैशाखात आपल्याकडे छपरं उचलून नेणारा वारा सुटतो, तो सुटला. नाव एका कुशीवर झाली आणि गेली. कोणी वाचलं नाही, नावाडीसुद्धा. माणसं काढायला तुला बोलावलं. तू दोन दिवस बुड्या मारल्यास. दुसऱ्या दिवशी तुझ्या नाकातून रक्त येत होतं आणि आई काठावर पदर धरून उभी होती. एकही माणूस तू खाली ठेवलं नाहीस. नवरीला तूच काढलंस. तिला घाटाच्या पायरीवर ठेवलंस, तेव्हा तिच्या अंगावर लुगडं होतं, हातात हिरव्या चुड्यातल्या दोन बांगड्या होत्या, आणि सोन्याचा एकही डाग नव्हता.

तिची धाकटी बहीण काठावर होती. माझ्याहून वर्षाने मोठी. सगळ्यांसमोर तिने सांगितलं की बहीण नावेत बसली तेव्हा तिच्या गळ्यात पुतळ्यांचा हार होता, हातात गोट होते. तिने जे पाहिलं ते सांगितलं. पुढचं लोकांनी स्वतःच जुळवलं.

तू एकदाच बोललास. पारावर, पाटलासमोर. मी तुझ्या मागे उभी होते.

"डाग पेटीमा व्हतीन. डोह उना का नावाडी नवरीले डाग उतारी ठेवाले लावस. आमनी रीत शे."

रीत खरी होती. तापी सूर्याची लेक, तिच्या डोहावरून नवरीने सोनं मिरवत जायचं नाही, असं आपले भोई मानत. डोहाच्या तोंडाशी वल्हं थांबवायचं, डाग पेटीत ठेवायला लावायचे, पलीकडे उतरल्यावर पुन्हा घालायचे. पण ब्राह्मणपुरीच्या लोकांनी लेकी आपल्याच काठाला दिलेल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. पलीकडच्यांना ठाऊक असेल. त्यांच्या घरात सुतक होतं, तुझी साक्ष द्यायला कोण येणार. आणि दुसऱ्या भोयाचा शब्द पारावर कोण मानणार.

"वावधन उठनं तव्हय डाग उतारत बसन्यात का त्या?" कोणीतरी विचारलं. लोक हसले नाहीत, पण हसू दाबलं.

"वावधन मंग उठनं," तू म्हणालास.

"बरं. मंग पेटी काढ ना भो. एक बुडी तं मारानी शे."

"माणसं काढात. आते मी तठे जात नई."

एवढं बोलून तू घरी आलास. त्या एका वाक्यात तू आम्हा तिघांचा निकाल लावलास, हे तुला कळलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. पेटी लोखंडी होती, जड होती, नावेबरोबर तळाशी होती. दोन दिवस तू तिच्या आजूबाजूला हात फिरवत होतास. ती कुठे आहे हे तुला नक्की माहीत होतं. एक बुडी. तेवढीच हवी होती.

त्यानंतर आईने घाटावर पाणी भरायला जाणं सोडलं. ती पहाटे, बायका यायच्या आधी जाऊन यायची. चुलीपाशी बसून ती कळण्याची भाकरी थापायची आणि थापता थापता थांबायची, बाहेर कोणी बोलतंय का ते ऐकत. मी शाळेत पहिली आले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "डुबेलसना सोनावर शिकी ऱ्हायनी ती." मुलींना ते वाक्य आवडलं. माझ्या मॅट्रिकपर्यंत ते टिकलं. शहाद्याच्या कॉलेजात गेले तर ते माझ्याआधी तिथे पोचलं होतं. मला शिष्यवृत्ती मिळत होती, मी वसतिगृहात राहत होते, दोन पातळांवर वर्ष काढत होते. यातलं काहीही त्या वाक्यापुढे उभं राहत नव्हतं. आई गेली तेव्हा तिला पोचवायला घाटावर किती माणसं होती ते तू पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहत होते.

अकरा वर्षांची असताना मी तुला विचारलं होतं. आपण दोघंच नावेत होतो, तू जाळं ओढत होतास.

"आबा, एकदाव जाय ना तठे. पेटी लई ये."

तू जाळं सोडलंस. माझा हात धरलास आणि खांद्यापर्यंत पाण्यात घातलास. पाणी गढूळ होतं, कोपराखाली हात दिसत नव्हता.

"काय देखास?"

"काहीच नई."

"खाले असंच ऱ्हास. डोयाना उपेग नई. हात जे धरस तेच. हातले पेटीनी सवय लागनी, तं उद्या हात पेटीवर थांबी. बाजूले पोऱ्या व्हई, तो ऱ्हाई जाई."

मग तू हात सोडलास आणि जाळं ओढू लागलास. माझ्या परकराचा काठ भिजला होता, घरी येईपर्यंत वाळला नाही. त्या दिवशी मला तुझा राग आला. पुढे साहित्य शिकले, शिकवलं, माणसाच्या मूल्यांवर वर्षानुवर्षं तासिका घेतल्या, तेव्हा कळलं की इतकी स्वच्छ गोष्ट मला पुस्तकात क्वचित सापडली. पण राग गेला नाही. स्वच्छ गोष्टीचा भार कोणीतरी दुसराच उचलतो. तुझ्या हातांची सवय शुद्ध राहावी म्हणून आई अंधारात पाणी भरत राहिली.

आणि आखाजी. ते मी कसं विसरेन. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. ती नवरी पहिल्या आखाजीला यायची होती. तिची आई दर आखाजीला आपल्या घाटावर येते. तिला डोहात नेमक्या त्या जागी जायचं असतं, आणि ती जागा फक्त तुला ठाऊक असते. ती तुझ्या नावेत बसते. तुला चोर समजते आणि तुझ्याच नावेत बसते. तू तिच्याकडून काही घेत नाहीस, ती तुझ्याशी काही बोलत नाही. धाकटी मुलगी तिच्या शेजारी असते, मी तुझ्या पायाशी. आम्ही दोघी एकमेकींच्या पायांकडे बघतो. तू वल्हं थांबवतोस. नवरीची आई ओटीतून बांगड्या काढते, लेकीच्या मापाच्या, बाजारातून निवडून आणलेल्या, आणि एक एक करून सोडते. पुढे पुढे इतर बुडालेल्यांचेही लोक येऊ लागले. कोणी म्हाताऱ्याची तंबाखूची डबी सोडली, कोणी चष्मा, कोणी फणी. तू सगळ्यांना नेलंस. परत येताना एकदा त्या बाईने काठावर उतरण्यासाठी हात पुढे केला, तू धरायला गेलास, आणि तिने हात मागे घेतला. पाण्यातून चालत गेली. तू वल्हं धुवत बसलास.

जागा तू मला शिकवली नाहीस. मी पाहिली. महादेवाचा कळस चिंचेच्या शेंड्यावर बसला पाहिजे, आणि पलीकडच्या काठाची पांढरी दरड डाव्या खांद्याला.

आता गेल्या उन्हाळ्याचं. तालुक्याच्या गावात एक संग्रहालय होतंय. बुडालेल्या नावेसाठी त्यात एक दालन ठेवायचं ठरलं. खालच्या बॅरेजचे दरवाजे दुरुस्तीसाठी उघडले, पाणी कधी नव्हे इतकं उतरलं, तेव्हा संग्रहालयाचे साहेब तळाचं शोधणारं मशीन घेऊन आले. पुण्याचा तरुण मुलगा, सभ्य, उन्हाने सोललेला. तीन दिवस तो तुझ्या पुतण्याच्या मुलाच्या नावेतून डोहावर फिरला. एक जुना पंप सापडला आणि दोन सायकली. चौथ्या दिवशी आपला पोरगा त्याला म्हणाला, "साहेब, मशीन ठेवा बाजूले. मन्ही आत्या निवृत्त व्हई उनी शे गावमा. तिले इचारा. तिले बॅटरी लागस नई."

ते माझ्याकडे आले. मी चहा केला. साहेबांनी प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारला. म्हणाले, "मॅडम, काही लोक म्हणतात बुडालेल्या नावेतलं काढणं म्हणजे स्मशान उकरणं. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "ते स्मशान नाही. माझ्या वडिलांनी तिथे एकही माणूस राहू दिलं नाही. तिथे आता वस्तू आहेत."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नावेत बसले. चिंच पंधरा वर्षांपूर्वी तोडली. तिचा शेंडा मी हवेत ठेवला आणि कळस त्यावर बसवला. "इथे," म्हटलं. समुद्रकिनाऱ्याकडून आणलेले पाणबुडे उतरले. दुसऱ्याच बुडीत एकाच्या हाताला नावेची फळी लागली.

तुझा नियम मी मोडला, आबा. डोळे उघडे ठेवून मोडला. तो तुझ्या हातांचा नियम होता. माझ्या हातांनी कधी माणूस काढलेलं नाही, त्यामुळे त्यांना बिघडण्यासारखं काही नव्हतं. मला पेटी हवी होती. नाव, फळ्या, भांडी, दालन, कशाशी मला देणंघेणं नव्हतं. मला ती पेटी लोकांसमोर उघडायला हवी होती.

पहिले तीन दिवस पेटी आली नाही. बांगड्या आल्या. वाळूतून चाळण्या भरभरून आल्या, हिरव्या, लाल, सोनेरी वर्खाच्या, अखंड आणि फुटक्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर त्यांचे ढीग लागले. साहेब गुडघ्यावर बसून मोजत होते. संध्याकाळी त्यांनी दालनासाठीचा मजकूर मला तपासायला दिला. शुद्ध मराठीत लिहिलं होतं की प्रवाशांमध्ये एक कासार असावा व त्याच्याजवळ बराच माल असावा.

मी हसले. मग मला हसणं थांबवता येईना, आणि ते बिचारे घाबरले.

"नावेत कासार नव्हता," मी म्हटलं. "ही एका आईची आखाजी आहे. एका वर्षाची नाही, तिच्या सगळ्या आयुष्याची." चष्मा, फणी, डबी, सगळं दाखवून सांगितलं. त्या फणीवर तर नायलॉनचा शिक्का होता, आणि नाव बुडाली तेव्हा आमच्या बाजारात तसली फणी मिळत नव्हती.

साहेबांनी एक बांगडी उचलून उजेडात धरली. नंतर म्हणाले, "हे तर अधिकच मोलाचं आहे. हे असंच मांडू. खरी हकिगत लिहून."

"मांडायचं नाही. परत सोडायचं."

"पण मॅडम, पेटी मिळाली तर ती वारसांना द्या म्हणता. मग बांगड्या पाण्यात का?"

"पेटी नदीने घेतली. बांगड्या नदीला दिल्या. घेतलेलं मागता येतं. दिलेलं मागायचं नाही."

"लोकांना दिसलं नाही तर लोक विसरतात."

"इथे पन्नास वर्षांत कोणी काही विसरलेलं नाही, साहेब. थोडं विसरले असते तर आमचं बरं झालं असतं."

त्यांना ते पटलं नाही. पटायला हवं असंही नाही. त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती, आणि मी त्या रात्री त्यावर विचार केला. पण मजकूर मी तपासून दिला नाही, आणि बांगड्या चार गोण्यांत भरून पोराच्या नावेतून स्वतः सोडून आले. साहेबांनी अडवलं नाही. त्यांनी चार बांगड्या ठेवून घेतल्या. ते मी पाहिलं आणि बोलले नाही.

पाचव्या दिवशी पेटी आली. लोखंडाचा पोपडा झाला होता, कुलूप पेटीत मुरून एक झालं होतं. तहसीलचा माणूस, पोलीस पाटील, साहेब, व्हरांड्यात आणि व्हरांड्याखाली निम्मं गाव. मी ब्राह्मणपुरीला निरोप पाठवला होता. ती धाकटी बहीण आली. आता तिचे केस पांढरे, गुडघे गेलेले. तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. कुलूप कापलं. आत काळा चिखल होता, एके काळी शालू असलेला. साहेबांनी हातमोजे घातले आणि चिखलात हात घातला. कोपरापर्यंत घालून फिरवला. मग बाहेर काढला.

पुतळ्यांचा हार होता. चिखल गळाला तसा पिवळा दिसू लागला. मागोमाग दोन गोट.

कोणी काही बोललं नाही. त्या म्हाताऱ्या बहिणीने हात पुढे केला, साहेबांनी हार तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो पदराने पुसला, उलटा करून फासा पाहिला.

"हाऊ मन्ही बहीणना शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी नऊ सालनी व्हती. मी जे देखं ते सांगं."

"माले माहीत शे, बाई."

"तुन्हा बापनी काब्र सांगं नई?"

"सांगं व्हतं."

ती पुन्हा हार पुसू लागली. मी तिच्याकडून माफीची वाट पाहत होते का, असं तू विचारशील. नव्हते. नऊ वर्षांच्या मुलीने खरं सांगितलं, याची माफी कसली. माफी मागायला हवी होती ती पारावर बसणाऱ्यांनी, आणि त्यांतले बहुतेक आता तुझ्याकडे आहेत. तिथे काय ते बघ.

पंचनामा झाला, कागद झाले, हार ब्राह्मणपुरीला गेला. साहेबांनी तो दालनासाठी मागितला, निदान वर्षभर. म्हातारी म्हणाली, "काचमा ठेवाले तो काय देव शे?" आणि महिन्याभरात तिने हार आणि गोट सोनाराकडे नेऊन आटवले. नातीच्या लग्नात पाटल्या केल्या. साहेब धावत माझ्याकडे आले. रडायचे बाकी होते.

"आटवला, मॅडम. तसा हार आता कुठे बघायला मिळणार? हजारो लोकांनी पाहिला असता."

"हजारो लोकांनी न पाहता माझ्या बापाला चोर म्हटलं. पाहणाऱ्यांचं कौतुक मला थोडं कमीच आहे."

"तुम्ही त्यांना थांबवू शकला असता."

"मी सोनाराचा पत्ता सांगितला," मी म्हटलं. ते खरं होतं. एक मुलगी ते सोनं पलीकडे घालून उतरणार होती, ती उतरली नाही. आता दुसरी मुलगी ते घालून सासरी गेली. पुलावरून, गाडीने. मला यात काही वाईट दिसत नाही. तुला दिसत असेल तर दिसू दे.

मग गाव आलं. सरपंच, दोन-चार पंच, जुन्या लोकांची मुलं. घाटावर तुझ्या नावाची पाटी लावायची, माझा सत्कार करायचा, शाल, श्रीफळ. एकाने तर सांगितलं की त्याचे आजोबा नेहमी म्हणायचे, भोई प्रामाणिक शे. त्याचे आजोबा काय म्हणायचे ते मला पाठ आहे, मागच्या बाकापर्यंत येत होतं. मी नाही म्हटलं. पाटी नको, शाल नको. ज्या घाटावर माझी आई उजेडात जाऊ शकली नाही तिथे तिच्या नवऱ्याच्या नावाची पाटी नको. ते गेले. पोरगा म्हणाला, "आत्या, तू बी आबासारखीच शे. घरमा उनेल माणूस तू बी चालता करस." मी त्यालाही चालता केला.

लोकांना वाटतं मी रागाने नाही म्हटलं. राग आहेच. तुझ्यावरही आहे, आणि तो मी काढून टाकणार नाही. पण पाटीला नाही म्हणायचं कारण तो नव्हता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. म्हणून ते कारण इथेच लिहून ठेवते. कुलूप कापत होते तेव्हा सगळं गाव पेटीकडे पाहत होतं. मी पाहत नव्हते. मी व्हरांड्याबाहेर शाळेच्या नळाकडे बघत उभी होते, आणि करवतीचा आवाज थांबला तरी मान वळवली नाही. हार निघाला हे मला लोकांच्या गप्प होण्यावरून कळलं. नंतर साहेब म्हणाले, "मॅडम, हार पेटीतच निघणार याची तुम्हाला पहिल्यापासून खात्री होती ना?" मी हो म्हटलं.

नव्हती, आबा.